सर्फबोर्डची शेपटी: टोकदार, गोल की भिंगरीसारखी?

खारेदाणे

नमस्कार मंडळी. विषय आडवाटेचा आहे, पण इथे दर्यावर्दी कुणीतरी असेलच या आशेवर धागा काढतोय.

मी मूळचा डोंबिवलीचा, गेली नऊ वर्षं सिडनीत. पोहायला तिशीत शिकलो आणि एक्केचाळिसाव्या वर्षी मॅनलीच्या किनाऱ्यावर सर्फिंगच्या वर्गात नाव घातलं. बायकोने फक्त "विमा आहे ना?" एवढंच विचारलं. दोन वर्षं आठ फुटी मऊ फोमच्या बोर्डवर काढली. उभं राहता येतं, सरळ जाता येतं, लाटेच्या अंगाने थोडंफार तिरकंही जाता येतं. मग डोक्यात आलं की आता 'खरा' बोर्ड घ्यायचा.

घेतला. जुना, सहा फूट आठ इंची, पिवळाधम्मक, पुढून निमुळता आणि मागून त्याहून निमुळता. विकणारा म्हणाला, शेपटी राउंड पिन आहे, कुठल्याही लाटेला चालतो. हॉलच्या कोपऱ्यात उभा केलाय, भाल्यासारखा देखणा दिसतो. पाण्यात मात्र धोंडा. कमरेएवढी लाट येते, मी जीव खाऊन हात मारतो, लाट खालून निघून जाते आणि मी मागे बसलेला. महिनाभरात अकरा लाटा मिळाल्या, मोजून. शेजारी एक शाळकरी मुलगी असते. तिचा बोर्ड माझ्यापेक्षा फूटभर तोकडा, रुंद, शेपटी माशासारखी दुभंगलेली. तिची एक लाट चुकत नाही.

तर प्रश्न असा: ही शेपटी नेमकं करते काय? स्क्वॉश, राउंड, पिन, स्वॅलो, डायमंड ही नावं ऐकून डोकं फिरलंय. की सगळी विकायची सोंगं?

बोरकूट

मी नागपूरकर. शीर्षक वाचून वाटलं धागा पक्षीनिरीक्षणाचा आहे. बसतो आता, चालू द्या. 🍿

कुमुद_सागर

खारेदाणे, सोंगं नाहीत, पण नावांना फार भाव देऊ नका. मी सॅन दिएगोत राहते, चौदा वर्षं पाण्यात जातेय, पाच-सहा बोर्ड मोडून झालेत.

आधी आकार डोळ्यासमोर आणू. नवी साबणाची वडी म्हणजे स्क्वेअर टेल. चार दिवस वापरून कोपरे झिजलेली वडी म्हणजे स्क्वॉश. अंगठ्याच्या नखासारखी ती राउंड. तीच पुढे ओढून निमुळती केली की राउंड पिन, आणखी ओढली की पिन. शंकरपाळ्याचं टोक म्हणजे डायमंड. भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखी खाच असलेली ती स्वॅलो, आणि ती खाच खोल, शेपटी रुंद, बोर्ड बुटका झाला की त्याला फिश म्हणतात. बांगड्याची शेपटी आठवा.

आता तुमचा मागचा पाय कुठे असतो? बरोब्बर शेपटीवर. वळायचं असेल तेव्हा तुम्ही शेपटी दाबता. म्हणजे बैठकही तीच आणि सुकाणूही तेच. रुंद शेपटी पाण्यावर तरंगत राहते, म्हणून लाटेत जोर नसला तरी ती तुम्हाला पुढे नेते. अरुंद शेपटी पाण्यात रुतते. उभ्या, वेगवान लाटेच्या भिंतीवर हे रुतणंच तुम्हाला वाचवतं. कमरेएवढ्या लाटेत मात्र तेच पायातली बेडी होतं.

एक काम करा. शेपटीच्या टोकापासून बरोबर एक फूट वर या आणि तिथे बोर्डची रुंदी मोजा. शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारी मंडळी, हेच माप विचारतात. ते सांगा, मग बोलू.

अनुस्वार

धागा छान. एक शंका: बोर्डची 'शेपटी' म्हणावं की 'शेपूट'? माझ्या कानाला शेपूट म्हटलं की ते हलायला हवं.

कुमुद_सागर

लाटेत हलतं हो. नको तितकं हलतं.

उगाच सांगत नाही, सगळ्या गोष्टीची सुरुवात त्या हलण्यातूनच झालीय. १९३७ साली होनोलुलूत जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ ही पोरं रेडवूडच्या जड फळ्यांवर सर्फ करायची. फळ्या मागे रुंद, खाली फिन (दिशा धरून ठेवणारा, तळाला बसवलेला पर) नाही. लाट जरा उभी झाली की मागची बाजू घसरून आडवी व्हायची आणि सगळा कारभार उलटा. असंच एकदा मार खाऊन परत आल्यावर त्यांनी कुऱ्हाड घेतली आणि एका बोर्डची शेपटी दोन्ही बाजूंनी तासून अरुंद केली, तळ होडीसारखा निमुळता केला. पुन्हा पाण्यात गेले तर शेपटी लाटेला धरून राहिली! याच बोर्डांना पुढे हॉट कर्ल म्हणू लागले, आणि त्यांच्यावरून हवाईतल्याच मकाहाच्या मोठ्या लाटा चढल्या गेल्या. गंमत म्हणजे टॉम ब्लेकने दोनच वर्षं आधी, १९३५ मध्ये, एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीची कील (तळाची उभी पट्टी) काढून बोर्डखाली बसवली होती. तोच पहिला फिन. घसरण्यावर दोन इलाज, एकाच गावात, दोन वर्षांच्या अंतराने. पण फिन सगळीकडे रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

तुमचा पिवळा भाला हा त्या कुऱ्हाडीचा नातू आहे. मोठ्या लाटेसाठी जन्मलेला.

प्रवाही

पुण्यात असतो, नोकरी पंपांच्या कारखान्यात, समुद्र वर्षातून दोनदा दिवेआगरला बघतो. पण पाणी कडेवरून कसं सुटतं हा माझा रोजचा धंदा, म्हणून राहवलं नाही.

स्वयंपाकघरात जा. नळ बारीक धारेने सोडा. भाताचा डाव दोन बोटांत सैल, लोंबता धरा आणि त्याची फुगीर पाठ धारेला हळूच लावा. धार डावाला बाहेर ढकलेल असं वाटतं ना? उलट होतं. डाव धारेत ओढला जातो, आणि पाणी पाठीवरून वळून भलतीकडेच पडतं. आता डावाऐवजी उलथणं धरा. पाणी पात्यावरून कडेपर्यंत जातं आणि कड संपली की सरळ सुटतं. वळून मागे येत नाही.

पहिल्याला कोआंडा परिणाम म्हणतात. (काटेकोर बोलायचं तर नळाच्या धारेत पृष्ठताणाचाही हात असतो, पण खेळ समजायला एवढं पुरे.) पाणी गोलाईला चिकटून वळतं तेव्हा ते गोलाईला आपल्याकडे ओढतं. म्हणून गोल शेपटी लाटेला धरून राहते आणि वळण सलग, लांब, एका रेषेत येतं. कोपरा आला की पाणी सुटतं, शेपटी मोकळी होते, वळण झटक्यात बसतं. स्क्वॉशचे दोन कोपरे हेच करतात. बोर्ड उलटा करून कडेवरून नख फिरवा: मधल्या भागात कड मऊ, गोलसर लागेल, आणि शेवटच्या फूट-दीड फुटात खालची धार एकदम कडक होईल. ती शोभेची नाही. पाणी तिथे सुटावं म्हणून मुद्दाम ठेवलेली असते.

आता रुंदीचं. बोर्ड पाण्यावरून सरकू लागला की त्याला वर उचलणारा जोर दोन गोष्टींवर ठरतो: पाण्याला टेकलेलं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. वेग दुप्पट, जोर चौपट. छोट्या लाटेत वेग कमी, म्हणजे तूट क्षेत्रफळाने भरून काढायची: रुंद शेपटी. मोठ्या लाटेत वेगच इतका की रुंद शेपटी नको तेवढी वर उचलली जाते, फिन पाण्याबाहेर येऊ बघतो, बोर्ड खडखडतो आणि घसरतो. तिथे क्षेत्रफळ कमी करायचं: पिन. कुमुदताईंनी सांगितलेली कुऱ्हाड म्हणजे याच समीकरणाचं उत्तर. कागदाशिवाय काढलेलं.

बोरकूट

डावाचा प्रयोग केला. डाव खरंच ओढला जातो!! ओटा पुसतोय. आईने विचारलं काय चाललंय, म्हटलं सर्फिंग.

कुमुद_सागर

प्रवाही, फारच सुंदर. एक पाचर मारते. कोपरा की गोलाई यावर लोक रात्र-रात्र भांडतात, पण शेपर एकाच मापाचे, एकाच रुंदीचे दोन बोर्ड करतात, एक राउंड आणि एक स्क्वॉश, तेव्हा आपल्यासारख्याला फरक जेमतेम कळतो. मला तरी दहातल्या दोन लाटांत कळतो. रुंदी चार इंचांनी बदलली तर आंधळ्यालाही कळेल. म्हणून म्हणतेय, मोजा. खारेदाणे, मोजलं का?

आणि फिन काढून बोर्ड फरशीवर आडवा, सपाट ठेवून बघा, शेपटीच्या टोकाखाली किती बोटं जातात. या उचलीला टेल रॉकर म्हणतात. चार बोटं जात असतील तर लाट न मिळण्याचा निम्मा दोष तिचा. केळ्यासारखा वाकलेला बोर्ड हाताने मारताना पाणी पुढे ढकलत बसतो.

नाखवाभाऊ

वेंगुर्ल्याचा, सध्या आश्वे-मोरजी बाजूला शिकवतो. मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

खारेदाणे, तुमचो बोर्ड बरो आसा, पण तुमच्या लाटेचो नाय. आमच्याकडे हीच रड. गोव्यात पावसाळा सोडला तर लाटा मांडीच्या, फार तर कमरेच्या. वाळूचा तळ, लाट लगेच बसते. सकाळी मतलई वारा असतो तोवर पाणी घोटीव, दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की सगळं खिचडी. इथे पिन घेऊन उतरणारा हौशी पाहुणा दिसला की आम्ही समजतो, याने बोर्ड फोटो बघून घेतलाय. आमचे सगळे शिकवायचे बोर्ड मागे चांगले पसरट. आणि पावसाळ्यात लाट मोठी असते म्हणून पिन काढावा, तर ती लाट कामाची नसते. वारा, गढूळ पाणी, आतली ओढ. जीवरक्षक लाल बावटा लावतात तो उगाच नाही. तेव्हा बोर्ड आडोशाला.

खाली कर्नाटकात मुळकीला लाट जरा बरी. भारतातला पहिला सर्फ क्लब तिथलाच, मंत्र, २००४ पासूनचा. जॅक हेबनर म्हणून अमेरिकन साधू होते, लोक त्यांना सर्फिंग स्वामी म्हणत. पण तिथेही मी पिन नेणार नाही. स्क्वॉश किंवा फिश.

माप इंच-सुतात द्या. सुतार माणूस आहे मूळचा.

अनुस्वार

सूत! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. इंचाचा आठवा भाग ना?

नाखवाभाऊ

होय. आमच्यात अजून तेच चालतं. बोर्डवाल्यांनाही तेच लागतं, ते सोळाव्या भागापर्यंत जातात एवढंच.

खारेदाणे

कुमुदताई, प्रवाही, नाखवाभाऊ, _/\_. दोन दिवस ऑफिसात अडकलोय, शनिवारी मोजतो. मधल्या काळात वाचत होतो, एक विचारायचंय. माझ्या इथून बसने जाता येईल इतक्या अंतरावर नॅरबीन आहे, तिथल्या सायमन अँडरसनचं नाव जो-तो घेतो. त्यांचा संबंध फिनांशी की शेपटीशी?

कुमुद_सागर

दोन्हींशी, आणि हाच माझा आवडता भाग आहे. चहा घेऊन बसा.

थोडं मागून. १९६७ च्या सुमारास आमच्या इथे स्टीव्ह लिस नावाच्या पोरसवदा मुलाने गुडघ्यांवर बसून चालवायचा एक बुटका बोर्ड केला. मागे रुंद, मधोमध खोल खाच, दोन्ही टोकांखाली एकेक लांबट लाकडी कील. हाच फिश. खाच का? रुंदी हवी होती, पण एवढी रुंद शेपटी वळवायची कशी! मधला तुकडा काढून टाकला की कडा लांब, सरळ राहतात, वेग मिळतो, आणि वळताना तुम्ही एका वेळी एकाच टोकावर असता. म्हणजे दोन अरुंद पिन शेजारी-शेजारी जोडल्यासारखं. १९७२ ची जागतिक स्पर्धा इथेच ओशन बीचला झाली, त्यात पहिले दोघे, जिमी ब्लीअर्स आणि डेव्हिड नुहीवा, फिशवरच होते.

मग ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलच्या मार्क रिचर्ड्सने दोन फिनांचा, स्वॅलो शेपटीचा बोर्ड स्वतः घडवला आणि १९७९ ते १९८२ सलग चार जगज्जेतेपदं नेली. बघणाऱ्यांना वाटलं, संपलं, आता दोन फिनच. पण सगळ्यांना ते झेपेना. रुंद शेपटी आणि दोन फिन म्हणजे वेग भरपूर, पण लाट मोठी झाली, पाय जड पडला की घसरगुंडी. अँडरसन म्हणजे सहा फुटांहून उंच, दांडगा गडी. त्यांच्याखाली ते बोर्ड सैरभैर व्हायचे. १९८० मध्ये त्यांनी एकाच्या दोन-फिनी बोर्डवर मागे लावलेला चिमुकला तिसरा फिन पाहिला, आणि तिन्ही फिन सारख्या मापाचे करून बघितले. शेपटी रुंदच ठेवली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या स्पर्धेला लाटा राक्षसी होत्या आणि ते जिंकले. त्याच वर्षी हवाईतली पाइपलाइन मास्टर्स स्पर्धाही. पेटंट घेतलं नाही! आज दुकानात उभ्या असलेल्या तीन-फिनी बोर्डांपैकी एकाचाही पैसा त्यांना जात नाही.

यात शेपटीचा मुद्दा असा की तिसऱ्या फिनने धरून ठेवायचं काम अंगावर घेतलं, म्हणून शेपटीला अरुंद राहायची गरज उरली नाही. स्क्वॉश सगळीकडे बोकाळला तो त्यानंतर. एकट्या शेपटीचा आकार घेऊन भांडणं म्हणजे फोडणीशिवाय आमटीची चव ठरवणं. खाली किती फिन, कुठे, आणि रॉकर किती, हे सोबत धरलं तरच त्या आकाराला अर्थ.

प्रवाही

फोडणीचा दाखला चोरणार आहे, सोमवारी मीटिंगमध्ये वापरतो.

अवांतर: शेपटी दोन्ही बाजूंना सारखी का असते? माणूस तर बोर्डवर आडवा उभा राहतो. चवड्यांवर वळणं आणि टाचांवर वळणं सारखं नाही. घोटा एका बाजूला सहज वाकतो, दुसऱ्या बाजूला नाही.

कुमुद_सागर

अगदी! असे बोर्ड आहेत. आमच्याकडेच कार्ल एकस्ट्रॉमने साठच्या दशकात असममित बोर्ड केले, हल्ली पुन्हा दिसू लागलेत. टाचेकडची बाजू तोकडी आणि जास्त वळणदार, चवड्याकडची लांब. दिसायला विद्रूप. चप्पल कुत्र्याने चावल्यासारखी. एकदा उसना घेऊन पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, टाचेवरचं वळण मला आयुष्यात इतकं सोपं गेलं नव्हतं. विकत घेतला नाही, कारण नंतर कुणी घेणार नाही.

बोरकूट

नागपुरी माणसाला एवढं समजलं की मोठ्या लाटेला टोकदार, बारकीला पसरट. बाकी डाव मस्त.

खारेदाणे

शनिवारचा अहवाल.

सकाळी भाड्याच्या दुकानातून पाच फूट दहा इंची फिश घेतला. तिथेच टेप लावला: टोकांपासून फूटभर वर १६ इंच ३ सूत. पाण्यात गेलो, लाटा नेहमीच्याच, कमरेच्या. पहिल्या तासात नऊ मिळाल्या. महिन्याच्या अकरा आणि तासाच्या नऊ! हात दोनदा मारले की बोर्ड स्वतःच निघतो, मागून कुणीतरी कमरेला धरून ढकलल्यासारखं. वळायला मात्र जड. उजवीकडे जाताना एकदा मागचा भाग असा सटकला की नाकातोंडात वाळू. हॉट कर्लवाल्यांची आठवण झाली. ती शाळकरी मुलगी म्हणाली, मागचा पाय जरा आणखी मागे घ्या, अगदी खाचेच्या वर. घेतला. सटकणं निम्मं झालं.

दुपारी घरी येऊन पिवळ्याला आडवा केला. कुमुदताई, टोकाखाली चार बोटं जाऊन वर थोडी जागा उरते. आणि रुंदी १२ इंच २ सूत.

कुमुद_सागर

बारा-दोन! अहो, डोक्यावरच्या लाटांसाठी घडवलेलं हत्यार आहे ते. चार इंचांचा फरक, आणि वर ती उचल. तुम्ही अकरा लाटा पकडल्यात त्याचंच कौतुक वाटतंय. विकू नका. वर्षातून चार-पाच दिवस मॅनलीलाही दक्षिणेकडून दणकट लाट येते. पुढेमागे तयारी झाली की त्या दिवशी हाच बोर्ड लागेल, आणि फिश घरी राहील.

खारेदाणे

विकणार नव्हतोच. पण मोजताना आणखी एक दिसलं. शेपटीच्या अगदी टोकाला केसाएवढी फट आहे आणि तिच्याभोवती नखाएवढा भाग तपकिरी झालाय. घेतला तेव्हा नव्हती, मी नीट बघून घेतला होता. पाण्यात कुठे आपटलाही नाही.

नाखवाभाऊ

हॉलमध्ये उभा केलात ना? शेपटीवर, फरशीवर?

खारेदाणे

हो… खाली काही न घालता.

नाखवाभाऊ

झालं मग. पिनचं टोक म्हणजे सगळ्या बोर्डचं वजन दोन बोटांएवढ्या जागेवर. दोन-चारदा सरकवला, टेकवला की काच, म्हणजे वरचं फायबरग्लासचं कवच, तडकते. स्वॅलोचंही तसंच, तिथे दोन टोकं म्हणून दुप्पट काळजी. स्क्वॉशवाले त्या मानाने सुखी.

आता पाण्यात नेऊ नका. आधी बघा, आत पाणी गेलंय का. फटीला तोंड लावा आणि शोषून घ्या, शहाळ्याच्या नळीसारखं. नुसती हवा आली तर आजच इपॉक्सी भरा. पाणी आलं तर फट खाली राहील असा तिरका, सावलीत, टोक कुठेही न टेकवता ठेवा. उन्हात नको, आतला फोम फुगतो. आठवडाभर रोज शोषून बघा, कोरडं झालं की मगच भरा. लाज वाटून घेऊ नका, आम्ही सगळे हेच करतो.

खारेदाणे

बायको दारात उभी राहून बघत होती. शोषलं.

खारं आलं.